‘येतो’ म्हणून गेलेलं विमान

आमच्या गावच्या, निरगुडसरच्या स्टँडवर माझा फ्लेक्स दोनदा लागला. पहिल्यांदा लागला तेव्हा मी पायलट नव्हतो, आणि दुसऱ्यांदा लागला तेव्हा फ्लेक्स तोच होता. या दोन फ्लेक्सच्या मधल्या काळाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं आणि लेखाला ‘गगनाला गवसणी’ हे नावही सुचवलं. मी नको म्हटलं. गवसणी घालतात ती तंबोऱ्याला. विमानावर घालतात ती ताडपत्री, आणि ते काम फ्लाइंग स्कूलमध्ये आम्ही विद्यार्थीच करत होतो.

फ्लाइंग स्कूल म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण बाहेर त्याबद्दल फार उदात्त समज आहेत. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, तिच्यात तीन-चार लहान विमानं. एकेका विमानात दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतात. त्या विमानांपैकी एक उडण्याच्या अवस्थेत असतं, आणि ते कुठलं, हे रोज बदलतं. विमान चालवण्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा भाग म्हणजे शेडसमोरच्या बाकावर बसून विमान दुरुस्त होण्याची वाट पाहणं. असं करत करत दोनशे तास हवेत काढायचे, हवामान, नकाशे, नियम असल्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या आणि डोळ्यांपासून कानांपर्यंत सगळं तपासून घ्यायचं. मग व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळतं. यासाठी पैसे कुठून आले, हा विषय इथे काढत नाही. तो आमच्या घरात पुरेसा निघतो.

शिकवणाऱ्याशिवाय पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून खाली आलं, की मित्र अंगावर बादली ओततात अशी तिथली रीत आहे. आमच्याकडे बादलीतल्या पाण्यात इंजिनाचं जळकं ऑइलही असायचं. त्या काळ्याकुट्ट अवस्थेतला फोटो मी घरी पाठवला. आईचा लगेच फोन आला.

‘अरं, कुठं पडलास?’

‘पडलो नाही गं. एकट्यानं उडवलं म्हणून मित्रांनी ओतलंय.’

‘मित्र हायेत का कोन हायेत!’

माझे चुलते तात्या यांनी मात्र फोटोतून नेमका अर्थ काढला. गावात कुणाचाही सत्कार तात्यांशिवाय होत नाही आणि सत्कार केल्याशिवाय तात्यांना चैन पडत नाही. पोरगं पायलट झालं, असं त्यांनी जाहीर केलं. मी कशीबशी चार गिरक्या मारून खाली आलो होतो, आणि स्टँडवर परदेशी कंपनीच्या चार इंजिनांच्या अजस्र विमानाशेजारी माझा दहावीतला चेहरा झळकला. त्याच्या शेजारी शुभेच्छुक म्हणून तात्यांचा चेहरा होता. तो माझ्यापेक्षा मोठा होता.

सुट्टीत घरी आलो तेव्हा शाल, श्रीफळ, फेटा असं सगळं अंगावर पडलं. भाषणं झाली. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा मागून एका बाबांनी विचारलं, ‘इमानाला रिव्हर्स असतो का वो?’

मी म्हटलं, ‘आमच्या लहान विमानाला नसतो. मागं घ्यायचं असेल तर खाली उतरून ढकलतो.’

‘मंग आमची पिकअप बरी,’ असं म्हणून ते बसले. त्या दिवसातला समजूतदार प्रश्न तेवढाच होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या घरात, आणि तुमच्याही घरात असेल, निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणतात. आमच्या आईचा या बाबतीतला कायदा फार कडक आहे. कुणी चुकून ‘जातो’ म्हणालं तर ती त्याला फाटकातून परत बोलावते, ओसरीवर बसवते, पाणी पाजते आणि नवी सुरुवात करायला लावते. शाळेत असताना या कायद्यामुळे माझी दोनदा एसटी चुकली. तिसऱ्यांदा चुकली नाही, कारण तोवर ‘येतो’ माझ्या हाडात गेलं होतं. पुढं ते तिथून काढायला किती त्रास होणार आहे, याची आईला कल्पना नव्हती.

विमान आणि जमिनीवरचा टॉवर यांचं बोलणं रेडिओवर चालतं आणि ते ठरलेल्या इंग्रजीत चालतं. फार थोडे शब्द, प्रत्येकाचा एकच अर्थ. ‘हो’ला अफर्म, ‘नाही’ला निगेटिव्ह. आपलं बोलणं झालं की बटण सोडायचं, कारण एका वेळी एकानंच बोलायचं असतं. ही शिस्त आमच्या ग्रामसभेत आणली तर ग्रामसभा बंद पडेल.

एकदा मी एकट्यानं लांबच्या गावी विमान घेऊन निघालो होतो. दुसऱ्या धावपट्टीवर उतरायचं, चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, असा तो धडा असतो. उडालो. टॉवरमधल्या मॅडमनी सांगितलं, आमची हद्द सोडताना कळव. हद्द आली. मांडीवरचा नकाशा घसरतोय, खाली ओळखीचं काही नाही. निघताना माणूस जे म्हणतो तेच मी बटण दाबून म्हणालो. फक्त इंग्रजीत म्हणालो.

‘कमिंग, मॅडम.’

मॅडम म्हणाल्या, ‘से अगेन?’ म्हणजे पुन्हा बोल.

‘कमिंग, मॅडम.’

‘कन्फर्म, यू आर रिटर्निंग?’ परत येतोयस, नक्की?

आता मला सांगा, घरातून निघालेल्या माणसाला ‘परत येणार ना?’ असं विचारल्यावर तो नाही म्हणेल का? मी ठणकावून ‘अफर्म’ म्हणालो. बाई मायाळू दिसते, असंही मनात आलं. निरोप नीट घेऊन झाल्याच्या समाधानात मी त्यांची फ्रिक्वेन्सी बदलली, पुढच्या टॉवरची लावली आणि मार्गाला लागलो.

पुढचं मला नंतर कळलं. विद्यार्थी एकटाच आहे, निघून दहा मिनिटं झाली नाहीत आणि परत येतोय. त्यात हाक मारली तर उत्तरही देत नाही. मॅडमनी जे करायला हवं होतं तेच केलं. धावपट्टी मोकळी ठेवली. अग्निशामक गाडी बाहेर आली. तिच्यावरच्या मंडळींना वर्षभर सरावापलीकडे काम नसतं, त्यामुळे ती फार उत्साहानं आली. ॲम्ब्युलन्स आली. आणि एक मान्यवर खाजगी विमानातून कुठल्याशा उद्घाटनाला निघाले होते, त्यांचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबवून ठेवलं. मान्यवर, अग्निशामक गाडी आणि आमचं अख्खं फ्लाइंग स्कूल असे सगळे आकाशाकडे डोळे लावून बसले, आणि ज्याची वाट बघत होते तो उलट दिशेला निवांत चालला होता. मी परत येईन यावर इतक्या लोकांनी त्याआधी किंवा त्यानंतर कधीही विश्वास ठेवलेला नाही.

पुढच्या टॉवरशी बोललो तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, ‘तुमचं विमान व्यवस्थित आहे ना?’

‘अफर्म.’

‘मग जरा कळवू का तसं? मागं तुमच्यासाठी आग विझवणारे उभे आहेत.’

आमचे मुख्य शिक्षक कॅप्टन भसीन. पंजाबी, निवृत्त, मिशा पिळदार. संध्याकाळी मी उतरलो तेव्हा ते शेडच्या दारात उभे होते.

‘जा रहा है और बोलता है कमिंग?’

‘सर, हमारे में जाते वक्त आता हूँ बोलते हैं.’

‘और आते वक्त क्या बोलते हो?’

मी प्रामाणिकपणे विचार केला. ‘आते वक्त कुछ नहीं बोलते, सर. चप्पल निकालते हैं.’

त्यानंतर माझं उडणं काही आठवडे बंद झालं. खुलासा लिहून द्यावा लागला. मराठी माणूस निघताना काय म्हणतो, यावर सरकारदरबारी दाखल झालेलं ते बहुधा एकमेव टिपण असावं. मित्रांनी माझं नाव ‘कमिंग’ ठेवलं. आणि भसीनसाहेबांनी उपचार सुरू केले. मेसमधून उठताना, वर्गातून बाहेर पडताना, अगदी संडासाकडे जातानासुद्धा मोठ्यानं ‘लीव्हिंग’ म्हणायचं. सोडतोय. जातोय. ऐकू आलं नाही तर ते परत बोलवायचे आणि नव्यानं जायला लावायचे. म्हणजे पद्धत अगदी आईचीच, फक्त शब्द उलटा. शिक्षण संपेपर्यंत मी पूर्ण बरा झालो. इतका, की झोपेतही ‘लीव्हिंग’ म्हणायचो, असं खोलीतला मित्र सांगायचा.

लायसन्स मिळालं. नोकरी मिळाली नाही.

बाहेरच्यांना हे समजत नाही, म्हणून सांगतो. लायसन्स मिळालं म्हणजे माणूस लहान विमान चालवू शकतो, एवढाच अर्थ. कंपन्यांची मोठी विमानं वेगळी, त्यांच्या प्रत्येक जातीचं शिक्षण वेगळं, आणि जागा निघाल्या की अनुभवी माणसाला आधी विचारतात. तो अनुभव मोठ्या विमानावरच मिळतो. मुलगी देईन, पण आधी लग्न झालेलं पाहिजे, अशातला हा प्रकार. शिवाय लायसन्स फ्रिजमध्ये ठेवून टिकत नाही. तब्येत पुन्हा पुन्हा तपासून घ्यावी लागते, हात चालता ठेवावा लागतो, आणि रोज नवी पोरं लायसन्स घेऊन बाहेर पडत असतात.

गावात मात्र फ्लेक्समुळे मी पायलटच होतो. सकाळी पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरायचो, तेव्हा जाणारा-येणारा म्हणायचा, ‘काय पायलट, आज लँडिंग कुठं?’ मढ गावच्या मामांनी एक स्थळ आणलं. मुलीचे वडील ओसरीवर बसले आणि चौकशी सुरू झाली.

‘पावणं, काय करता?’

‘पायलट आहे.’

‘कोन्या कंपनीत?’

‘अजून नाही.’

‘मंग सोताचं इमान हाय?’

‘नाही.’

‘मंग पायलट कशाचं, राव?’

मामा मध्ये पडले. ‘लायसन हाय की त्याच्याकडं!’

‘लायसन माज्याकडं बी हाय, बंदुकीचं. म्हनून मी मिलिटरीत हाय का?’

स्थळ चहा पिऊन परत गेलं.

त्याच सुमारास गावाला दुसरा पायलट मिळाला. आमच्या शेजारच्या सुनंदावहिनी बचत गटातर्फे प्रशिक्षणाला गेल्या आणि औषध फवारणीचा ड्रोन घेऊन आल्या. त्यांच्या ओळखपत्रावर ‘ड्रोन पायलट’ असं छापलेलं होतं. माझ्या लायसन्सकडे गावानं कधी इतक्या आदरानं पाहिलं नव्हतं, कारण वहिनींचं विमान समोर उडत होतं. उसात बिबट्या बसलेला असतो, त्यामुळे पाठीवर पंप घेऊन आत शिरायला माणसं तयार नसतात. वहिनींना दम खायला वेळ मिळेना. एकदा बांधावरून त्यांनी मला हाक मारली.

‘भावजी, रिकामंच हायसा ना?’

‘हो.’

‘मंग बॅटऱ्या धरा की.’

मी धरल्या. माझी हवाई क्षेत्रातली पहिली नोकरी ती. पूर्ण हंगामभर मी वहिनींच्या मागून बॅटऱ्यांचा खोका घेऊन बांधाबांधानं फिरलो. वाऱ्याबद्दल त्या माझा सल्ला घ्यायच्या आणि तो मानायच्या, हे नोंदवलं पाहिजे. ड्रोन उचलला की त्या हमखास म्हणायच्या, ‘ये रे जाऊन.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं.

‘वहिनी, यंत्र आहे ते.’

‘असू द्या. यंत्राला काय, जा म्हनायचं व्हय?’

त्या ड्रोनच्या रिमोटवर एक बटण होतं. दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथं आपोआप परत यायचा. कारखान्यानं त्या बटणाला मोठं इंग्रजी नाव दिलं होतं, पण तो ‘येतो’च होता. इंग्रजांनाही तो शब्द सापडला होता, पण त्यांनी तो बटणात घातला आणि आमच्या रेडिओत मात्र घातला नाही.

मग एका विमान कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. नव्या, अननुभवी माणसांची भरती, मुंबईत. आदल्या हंगामात दोन कंपन्यांकडून मला नकार मिळाला होता. वडील कमी बोलतात. ते क्रेट रचता रचता एवढंच म्हणाले, ‘ह्या बारीला न्हाई झालं, तर मंग आपलं रान हाय. तुज्या वहिनीसारका ड्रोन घिऊ.’ मी हो म्हणालो. रान वाईट नाही, ड्रोनही वाईट नाही. पण त्यानंतर माझ्या लायसन्सची किंमत त्या बंदुकीच्या लायसन्सइतकी झाली असती, आणि हे आम्हा दोघांना माहीत होतं.

निघताना इस्त्रीचा शर्ट, बूट, हातात फाइल. फाटकाशी आलो, वळलो आणि आईला म्हणालो, ‘चल, जातो.’

भसीनसाहेबांचे उपचार इतके यशस्वी झाले होते.

आई उंबऱ्याबाहेर आली. मग म्हणाली, ‘माघारी ये.’

‘आई, एसटी जाईल.’

‘जाऊ दे. तिला जाऊ दे. तू माघारी ये.’

ओसरीवर बसलो. पाणी प्यायलो. एसटी गेली. शेवटी सुनंदावहिनींचा नवरा कोथिंबीर घेऊन वाशीच्या मार्केटला निघाला होता, त्याच्या पिकअपमधून गेलो. जुड्या आमच्या मागे, आणि जागा नव्हती म्हणून काही माझ्या मांडीवर.

मुलाखत घ्यायला तिघं होते. एक हसऱ्या बाई, एक तरुण कॅप्टन आणि मधोमध कॅप्टन राघवन नावाचे पिकल्या केसांचे गृहस्थ. मी बसलो तेव्हा त्यांनी दोनदा हवा हुंगली आणि इंग्रजीत विचारलं, ‘कोथिंबिरीचा वास येतोय, की मला भूक लागलीय?’

‘कोथिंबीरच आहे, सर,’ मी म्हणालो. ‘मी आहे.’

तांत्रिक प्रश्न झाले. ते बरे गेले. मग राघवनसाहेबांनी विचारलं, ‘रेडिओवर केलेली एखादी चूक सांगा.’ मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या पुण्याच्या क्लासमध्ये अशा प्रश्नांसाठी एक चूक तयार करून दिलेली असते. ती चूक इतकी सद्गुणी असते की ऐकणाऱ्यानं लगेच पगारवाढ द्यावी. पण ती रेडिओची नव्हती. रेडिओची माझ्याकडे एकच होती. मी ती सांगितली. मॅडम, अग्निशामक गाडी, मान्यवर, सगळं.

हसऱ्या बाईंचं हसू थांबलं. तरुण कॅप्टननं पेन खाली ठेवलं. राघवनसाहेबांचा चेहरा हलला नाही.

‘त्यांनी परत येतोयस का विचारलं, तेव्हा अफर्म का म्हणालास?’

‘कारण मी परत येणारच होतो, सर.’

‘मग चूक काय झाली? कमिंग हा शब्द?’

मी म्हणालो, ‘नाही, सर. शब्द एकदा कुणाचाही चुकतो. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी त्यांचा प्रश्न ऐकलाच नाही. मी आमच्या फाटकातला प्रश्न ऐकला.’

वैमानिकी काय असते असं मला कुणी विचारलं, तर मी आजही हेच सांगतो. विमान चालवायला शिकवता येतं. आपल्या डोक्यात आधीच बसलेला प्रश्न बाजूला सारून समोरच्यानं विचारलेला ऐकणं, हे मात्र रोज नव्यानं शिकावं लागतं.

राघवनसाहेब बाकीच्या दोघांकडे वळले. ‘आमच्या कुंभकोणमला माझी आई मला अजून “जातो” म्हणू देत नाही. “जाऊन येतो” म्हणावं लागतं. तसं नाही म्हटलं तर परत बोलावते.’

‘पाणी देते, सर?’ माझ्या तोंडून गेलं.

‘कॉफी,’ ते म्हणाले. मग लगेच आवाज कडक झाला. ‘माझ्या विमानात तू लीव्हिंगच म्हणशील.’

‘अफर्म, सर.’

मी उठलो, दारापर्यंत गेलो. मागून ते म्हणाले, ‘ओके. गो अँड कम.’

हसऱ्या बाईंना वाटलं, साहेबांचं इंग्रजी घसरलं. मला निकाल कळला होता.

माझ्यापेक्षा चांगलं विमान उडवणारा, फ्लाइंग स्कूलच्या खोलीतला माझा तो मित्र, त्याच भरतीत बाहेर राहिला. त्यानं क्लासची सद्गुणी चूक रेडिओत बसवून सांगितली होती. आज तो विमा विकतो, आणि गुणवत्तेवर निवड झाली असं कुणी भाषणात म्हणालं की मला तो आठवतो.

तात्यांनी तोच फ्लेक्स गोठ्यावरून काढला, पुसला आणि पुन्हा लावला. विमान तेच, परदेशी कंपनीचं. मी आता खरोखर विमान कंपनीत होतो, पण दुसऱ्याच. ‘कोन बघतंय?’ तात्या म्हणाले.

नोकरीत पक्का झाल्यावर घरी गेलो, तेव्हा आईनं चहा देता देता विचारलं, ‘निघताना त्या टॉवरवाल्याला काय म्हनतोस?’

‘लीव्हिंग.’

‘म्हंजी?’

मी टाळलं. तिनं पुन्हा विचारलं. मी सांगितलं, ‘म्हंजे जातो.’

तिच्या हातातली बशी थांबली. ‘एवढी मानसं संगती घिऊन? रोज?’

‘नियम आहे, आई.’

‘बटन असतंय ना ते? सोडल्यावर कुनाला ऐकू जातं का?’

‘नाही.’

‘मंग झालं तर.’

मी शकुन मानत नाही. नव्या विमानासमोर नारळ फोडायचा कार्यक्रम असला, की मी चहाच्या बाजूला उभा असतो. पण सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीतून रेडिओवर ‘लीव्हिंग’ म्हणून झालं आणि बटण सुटलं, की माझ्या तोंडून एक शब्द जातो. शेजारचे कॅप्टन कधी विचारतात, काही म्हणालास का? मी म्हणतो, निगेटिव्ह, सर. आजवर प्रत्येक वेळी परत आलो आहे. त्या शब्दाचा याच्याशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण तो न म्हणता बघण्याचा प्रयोग करायला मी तयार नाही. माझ्यामागे माणसं बसलेली असतात, आणि त्यांतली बरीचशी घरातून ‘येतो’ म्हणूनच निघालेली असतात.